साबणाची चव

चहाला चव नव्हती. साखर कमी पडली असणार म्हणून मी गल्ल्यावरच्या कॅन्टीनवाल्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण समोर बसलेल्या चष्मेवाल्यानं तोच चहा मिटक्या मारत संपवला होता आणि कप बाजूला सारून तो पेनाचं टोपण काढत होता. चष्मेवाला व्यवस्थापन विभागातला. विद्यापीठातली पोरं शिकता शिकता स्वतःचा धंदा का काढतात, त्यांच्या मनात नेमकं असतं काय, यावर त्याचं संशोधन चाललं होतं. मी आणि माझी मैत्रीण साबण करून विकतो हे कळल्यापासून तो हात धुऊन माझ्या मागे लागला होता, तेही आमचा एक साबण विकत न घेता. "पैसा, स्वातंत्र्य, नाव, समाजसेवा," तो म्हणाला, "यातलं तुमचं काय? एकच सांगा हं." "स्वातंत्र्य," मी म्हटलं. हे उत्तर मला पाठ होतं. विद्यार्थी-उद्योजकांच्या स्पर्धेत, स्टॉलवर, मावशीकडे, सगळीकडे हेच देते आणि सगळे मान डोलावतात. त्यानंही डोलावली. मी दुसरा घोट घेतला आणि जीभ टाळूला घासून बघितली. टोकाला काहीच लागत नव्हतं, दुसऱ्याच कुणाची जीभ तोंडात ठेवल्यासारखी ती पडून होती. तेव्हा मला आठवलं. काल सकाळी याच टेबलावर, घाईघाईत, वाफाळता चहा मी घशाखाली ओतला होता. जीभ चांगलीच पोळली होती. 'आई गं' म्हणून दोन उड्या मारल्या, पाणी प्यायले, आणि तशीच त्या मैत्रिणीच्या घरी गेले. साबणाच्या नव्या घाण्याची परीक्षा घ्यायला. जिभेनं.

साबणात तेलाबरोबर कॉस्टिक पडतं. तुंबलेली मोरी मोकळी करायला लोक वापरतात तेच. तेलानं ते सगळं पिऊन टाकलं की साबण गरीब गाय होतो, आणि थोडं जरी मागे उरलं तरी कातडी सोलतो. उरलंय का हे बघायचे कागद मिळतात. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ढीगभर पडलेत, पण "इथलं सामान तुमच्या दुकानदारीसाठी नाही" असं विभागप्रमुख बाईंनी सगळ्या वर्गासमोर सुनावल्यापासून मी त्या कपाटाकडे फिरकले नाही. बाजारात गेलं असतं तर मिळाले असते. पण तोवर सरकारला जुनी युक्ती सापडली होती. सरकार म्हणजे माझी भागीदार. शाळेपासून सगळ्यांवर हुकूम सोडते, म्हणून हे नाव. युक्ती अशी, की ओल्या साबणाला जिभेचं टोक लावायचं. कॉस्टिक उरलं असेल तर टॉर्चचा सेल चाटल्यासारखा झटका बसतो. नसेल तर नुसती साबणाची चव, कडवट आणि निरुपद्रवी. पहिल्याच स्टॉलवर एका बाईंनी नाक मुरडलं, "घरी केलेला म्हणजे भरवसा काय हो?" मी आव बघितला ना ताव, साबण उचलला आणि त्यांच्यासमोर चाटला. बाई ओरडल्या, माणसं जमली, कुणीतरी हसून दोन वड्या घेतल्या आणि पाठोपाठ सगळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सरकारनं पाटी रंगवून आणली: 'जिभेला चालतो तोच हाताला'. तेव्हापासून मी जिथे तिथे साबण चाटत फिरत होते. कागद घ्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. एवढी पाटी लागल्यावर कागद कशाला?

आणि काल मला झटका बसला नव्हता. मी टोक लावलं, वाट बघितली, काही झालं नाही, आणि मला आनंद झाला. हेच आठवून आता कॅन्टीनमध्ये मी कप खाली ठेवला. भाजलेल्या जिभेला झटका बसणार कुठून? मला आनंद कशाचा झाला होता? शिवाय हा घाणा साधा नव्हता. आमचं ठरलेलं तेल दुकानात नव्हतं म्हणून सरकारनं दुसरं आणलं होतं, आणि प्रत्येक तेल कॉस्टिक वेगवेगळं पितं. जुन्या मापानं टाकलं तर या नव्या, कमी पिणाऱ्या तेलात ते उरणारच. मी नवं माप काढलं होतं. काढलं होतं, नक्की. पण वजन करताना नवं घेतलं, की फळीवर डकवलेलं जुनं? सरकारची आई मागून ओरडत होती, "आटपा तुमचा घाणा, मला गॅस पाहिजे!" सरकार तिला उलट बोलत होती, आणि माझा हात तराजूवर होता. पुढचं काही केल्या आठवेना. वड्या पाडल्या, गॅलरीत सुकवल्या, काल चाटल्या, कागदात गुंडाळल्या आणि संध्याकाळी पाळणाघरात पोचवल्या. आमची पहिली मोठी ऑर्डर. पाळणाघरवाल्या काकू म्हणाल्या होत्या, "उद्या दुपारी पोरं झोपून उठली की याच साबणानं हात-तोंड धुवायला लावते." हात आणि तोंड. तोंडात डोळे येतात.

मी उठले तशी खुर्ची मागे पडली. "अहो, शेवटचा प्रश्न राहिला!" चष्मेवाला म्हणाला. "तुमच्यासाठी सगळ्यात मोठी अडचण कोणती?" मी त्याला काय सांगणार, कपाळ? पायऱ्या उतरता उतरता काकूंना फोन लावला. वाजत राहिला. पोरं झोपली की काकू फोन खणात टाकतात, एकाला जाग आली की बाकीची भोंगे चालू करतात म्हणून. हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं होतं. मग सरकारला लावला. "तू ना, जन्माची घाबरट," ती हसत म्हणाली. "झालं असेल नीट. नेहमी होतं की." मी म्हटलं, "घरात त्यातल्या उरलेल्या दोन वड्या आहेत. एक ओली कर आणि चाट." "आत्ता? मी जेवत्येय." "सरकार, चाट!" मी रस्त्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा फळवाला माझ्याकडे बघतच राहिला. ती म्हणाली, करते फोन. मी समोर आलेल्या बसमध्ये चढले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, आणि मला त्याचाच राग आला. धावणाऱ्या माणसाला निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. बसल्या जागी नुसती भीती वाढत जाते, कणीक भिजवून झाकून ठेवावी तशी. ही भीती मला नवी नव्हती. हिला मी लहानपणापासून ओळखत होते, फक्त ती आजवर बाबांची होती. बाबा एका कारखान्यात, माल बाहेर जाण्याआधी तपासणाऱ्यांपैकी एक. घरी फोन वाजला की त्यांचा घास हातातच थांबायचा. "साहेबांचा असेल," ते म्हणायचे, आणि बहुतेक वेळा तो मावशीचा असायचा. आई म्हणायची, "तुमचा साहेब काय वाघ आहे का?" बाबा म्हणायचे, "वाघ परवडला, तो एकदाच खातो." आम्ही हसायचो. पण एकदा सुट्टीच्या दिवशी बागेत साहेब समोर आले. बरोबर त्यांचं कुत्रं. साहेबांनी कुत्र्याबद्दल काहीतरी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि बाबा हसले. ते हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बारीक, चिरकं, लांबलेलं. मी सातवीत असेन. मला इतकी लाज वाटली की मी कुत्र्याकडेच बघत राहिले. परत येताना बाबा शेंगदाणे सोलून माझ्या हातावर ठेवत होते आणि मला ते खाववत नव्हते. त्या दिवशी मी मनात म्हटलं, काय वाटेल ते करीन, पण माझ्यावर कुणी साहेब असणार नाही. चष्मेवाल्या, तुझ्या यादीत हे नव्हतं रे. पैसा नाही, नाव नाही, समाजसेवा तर त्याहून नाही. मला फक्त तसं हसायचं नव्हतं. याला स्वातंत्र्य म्हणतात का, तूच ठरव.

सरकारचं वेगळं. तिच्या घरात भावाला मागायच्या आधी मिळतं आणि तिला मागितल्यावर 'कशाला?' ऐकावं लागतं. तिला त्या 'कशाला'चा कंटाळा आला होता. वर्गातला आमचा एक मित्र टी-शर्ट छापतो, कारण परीक्षेत तो तीनदा आपटला आणि आता त्याला कुठेतरी पास व्हायचंय. व्यासपीठावर आम्ही सगळे स्वप्नं, जिद्द वगैरे बोलतो. खरं म्हणजे प्रत्येक जण कशाला तरी भिऊन पळत सुटलेला. मी मोठ्या तोऱ्यात पळाले होते. साहेब नाही, हजेरी नाही, कुणी 'आत या' म्हणून बोलावणार नाही. आणि आता या बसमध्ये मला वाटत होतं, कुणीतरी बोलवावं. कुणीतरी मोठ्या टेबलामागून म्हणावं, 'मूर्ख मुली, माल थांबव.' बाबांचा माल चुकला तर वर कुणीतरी होतं. ओरडायला का होईना, होतं. माझ्या वर बसचं छत होतं. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं: झोपेतून उठलेली, डोळे चोळणारी पोरं. डोळे चोळणारी! मी काकूंना पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. एकदा मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, तुम्ही एवढे का घाबरता हो?" तेव्हा ते वैतागून म्हणाले होते, "घाबरत नाही गं, काळजी घेतो." मला ती पळवाट वाटली होती. मग त्यांनी असंही म्हटलं होतं, की गाडी फाटकातून बाहेर गेली की माल आपल्या हातात राहत नाही, तो कुणाच्या घरात कोण उघडतंय कुणाला ठाऊक. ते साहेबांना भीत होते का त्या कुणाच्यातरी घराला, हे मी कधी विचारलं नाही. मला साहेब पुरेसा होता. आता बाबांना फोन करावासा वाटला. नंबर काढला आणि परत ठेवला. त्यांचा घास हातात थांबेल.

बस सिग्नलला उभी असताना सरकारचा फोन आला. "झटका बसला गं," ती हळूच म्हणाली. "चांगलाच बसला. चूळ भरली तरी जात नाहीये." मला वाटलं मी खाली पडतेय, पण मी तर बसलेलीच होते. "ऐक," ती म्हणाली, आणि तिचा हुकमी आवाज परत आला, "काकूंना खरं सांगू नकोस. वास बदललाय म्हण. नवा, याहून छान वास काढलाय, हे परत द्या, बदलून देतो, असं सांग. वड्या हातात आल्या की झालं. कुणाला काही होणार नाही आणि आपलं नावही जाणार नाही. अगं, पोरांच्या आया ऑर्डर देणार होत्या. एकीला कळलं की संपलं, सगळ्या गावात बोभाटा." मी म्हटलं, "आणि कुणाला झालं असेल तर?" ती म्हणाली, "नसेल झालं. शुभ बोल नाऱ्या." आणि मग एकदम लहान आवाजात, "मलाही भीती वाटतेय गं." एवढ्या वर्षांत सरकारच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझं उरलंसुरलं अवसान त्यानं गळालं.

पाळणाघर एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर. बसथांब्यापासून मी पळत सुटले. पळता पळता पाठ करत होते: काकू, वास बदललाय. काकू, नवा वास काढलाय. खोटं बोलणं सोपं वाटत होतं. भीतीला तेच हवं होतं, हाताला पटकन लागणारं काहीतरी. दार उघडं होतं. आत पंखा फिरत होता, चटया अजून अंथरलेल्या, बारक्या उशा इकडेतिकडे, आणि पोरं उठलेली. काही जण बसल्या बसल्या पेंगत होती, एक जण भिंतीला पाय लावून पडला होता. काकू एकीच्या वेण्या घालत होत्या. "अगं, तू?" त्या हसल्या. "पोरांनो, बघा कोण आलंय! साबण चाटणारी ताई!" पोरं खिदळली. काल मी इथेही चाटून दाखवला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी दारातच धापा टाकत म्हटलं, "काकू, वास बदललाय." "काय बदललाय?" "साबणाचा. नवा वास काढलाय आम्ही, फार छान. हे परत द्या, बदलून देते." "अगो बाई, एवढ्यासाठी धावत आलीस? असू दे गं, पोरांना हाच आवडलाय. सकाळपासून पुडकं हुंगतायत नुसती." त्यांनी वेणीला शेवटची गाठ मारली, मुलीच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाल्या, "चला रे, हात-तोंड धुवायला रांग करा." पोरं उठली. रांग म्हणजे काय, गोंधळच. एकमेकांना ढकलत ती बेसिनकडे निघाली. मी जागची हलले नाही. तोंडात अजून तेच वाक्य होतं, वास बदललाय, आणि पुढे ढकलायला दुसरं काही सापडत नव्हतं. पुढच्या मुलानं नळ सोडला. "थांबा!" मी किंचाळले. "हात लावू नका त्याला! काकू, तो साबण वाईट आहे. त्यात कॉस्टिक राहिलंय. कातडी जळते त्यानं. मी चुकले. मी केलंय हे."

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग हळूहळू यायला लागलं. "पण तू तर चाटून दाखवलास," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "जीभ भाजली होती माझी." इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन. काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला समजत होतं, त्या आता आमच्याकडून आधी घेतलेल्या सगळ्या वड्यांचा विचार करतायत, घरी नेलेल्या, सुनेला दिलेल्या. त्यांनी नळ बंद केला, मुलाला मागे ओढलं आणि बेसिनवरचं पुडकं उचलून माझ्या हातात दिलं. देताना बोटांनी नुसतं कागदाचं टोक धरलं होतं. पुडकं उघडंच होतं. मी आत बघितलं. सगळ्या वड्या कोरड्या, कडा सरळ, आम्ही पाडल्या तशा. एक सोडून. एका वडीच्या कडा गोल झाल्या होत्या, वर फेस वाळून पांढरा चिकटला होता, आणि कागदाला ओल लागली होती.

"काकू, ही कुणी वापरली?" मी विचारलं. काकूंनी वडी बघितली आणि त्यांचा आवाज एकदम चढला, "कुणी हात लावला होता रे साबणाला? मी नको म्हटलं होतं ना दुपारपर्यंत? खरं सांगा!" त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या, पण पोरांना त्यातला फरक कुठला कळायला. भिंतीला पाय लावून पडलेला मुलगाही उठून बसला. "हात दाखवा," मी म्हटलं. माझाही आवाज माझा राहिला नव्हता. "सगळ्यांनी हात दाखवा बघू." एकेक तळवा पुढे आला, चटईचे वळ उठलेले, खडूचे डाग पडलेले, एकावर पेनानं घड्याळ काढलेलं. मी प्रत्येक हात धरून उजेडाकडे वळवला. पोरं हात आखडून घेत होती, मी तरीही धरत होते. काही नव्हतं. पुढचा, काही नव्हतं. शेवटी ती राहिली, वेण्यांवाली. कपाटाला पाठ लावून उभी होती आणि तिचे दोन्ही हात मागे होते.

मी तिच्याजवळ गेले. ती आणखी मागे सरकली, पण मागे कपाटच होतं. "मी नाही केलं काही," ती म्हणाली. ती काकूंकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे आजवर कुणी असं बघितलं नव्हतं. माझ्यावर कुणी साहेब नको एवढंच मी मागितलं होतं. खाली कुणी असेल हे मला सुचलंच नव्हतं. मी गुडघे टेकून बसले. पुडकं लांब सरकवून दिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, तिला दिसतील असे. "तू काही केलं नाहीस," मी म्हटलं. "शपथ. मी केलंय. मलाच ओरडणार आहेत सगळे. तू फक्त दाखव मला." ती विचार करत राहिली. काकूही माझ्यामागे येऊन थांबल्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला देवाला काहीतरी कबूल करावंसं वाटत होतं, पण काय कबूल करायचं तेही सुचेना. मग तिनं एक हात पुढे केला. मी तो उलटसुलट करून बघितला. मऊ होता, थंड होता, अगदी चांगला होता.

दुसरा तिनं मागेच ठेवला.